व्हिडिओ गेम उद्योगातील मोठ्या विलीनीकरणांची नियामक छाननी

गेम बनवणारी किंवा विकणारी एखादी मोठी कंपनी दुसरीला विकत घेऊ लागली, की व्यवहार पुरा होण्याआधी निरनिराळ्या देशांचे स्पर्धा नियामक त्याची तपासणी करतात. बाजारातली चुरस कमी होईल का, किमती वाढतील का, एखाद्या प्रतिस्पर्ध्याची वाट अडेल का, हे पाहून ते मंजुरी देतात, अटी घालतात किंवा व्यवहार रोखतात. ही पद्धत सगळ्याच उद्योगांना लागू आहे. गेम उद्योगात मात्र तिचा खरा कस लागला तो मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड विकत घ्यायचे ठरवले तेव्हा. १८ जानेवारी २०२२ रोजी जाहीर झालेला ६८.७ अब्ज डॉलरचा हा व्यवहार पुरा व्हायला १३ ऑक्टोबर २०२३ उजाडला. गेम उद्योगातली याआधीची कुठलीही खरेदी एवढी मोठी नव्हती आणि एवढी खोदून तपासलीही गेली नव्हती. म्हणून ही नोंद मुख्यतः त्याच प्रकरणाभोवती आहे.

आडवे आणि उभे विलीनीकरण

एकाच गावातली दोन चित्रपटगृहे एका मालकाकडे गेली, तर तिकीट महागेल ही भीती कोणालाही चटकन कळते. हे आडवे विलीनीकरण. पण चित्रपटाच्या निर्मात्यालाच त्यातल्या एका चित्रपटगृहाच्या मालकाने विकत घेतले, तर? चित्रपटगृहे तेवढीच राहतात, फक्त गर्दी खेचणारा चित्रपट दुसऱ्या थिएटरला मिळेल की नाही, हे आता पहिल्याच्या मर्जीवर. हे उभे विलीनीकरण. नियामकांना सिद्ध करायला हा प्रकार जास्त अवघड, कारण इथे नुकसान दिसत नसते, ते होईल असे दाखवून द्यावे लागते.

मायक्रोसॉफ्ट एक्सबॉक्स हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र, बनवते आणि ॲक्टिव्हिजनकडे ‘कॉल ऑफ ड्यूटी’ ही वर्षानुवर्षे सर्वाधिक खपणाऱ्या गेमांची मालिका होती. तोच गेम सोनीच्या प्लेस्टेशनवरही खेळला जातो. मालकी बदलल्यावर तो प्लेस्टेशनवरून काढून घेतला जाईल का, हा सगळ्या प्रकरणाचा गाभा होता. ही शंका हवेतून आलेली नव्हती. मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ७.५ अब्ज डॉलर मोजून झेनिमॅक्स ही कंपनी, म्हणजेच बेथेस्डाचे स्टुडिओ, घेतले आणि पुढे ‘स्टारफिल्ड’ व ‘रेडफॉल’ हे त्यांचे नवे गेम प्लेस्टेशनला न देण्याचे ठरवले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या स्पर्धा आयोगाने व्यवहाराविरुद्धच्या आपल्या तक्रारीत याच अनुभवावर बोट ठेवले.

अशा वेळी नियामक दोन प्रश्न विचारतात. कंपनीला तसे करता येईल का, आणि तसे करण्यात तिचा फायदा आहे का? पहिल्याचे उत्तर बहुधा ‘होय’ असते. दुसऱ्यासाठी हिशेब मांडावा लागतो. प्लेस्टेशनवरची विक्री सोडली तर किती पैसा बुडेल? त्यामुळे किती खेळाडू एक्सबॉक्सकडे वळतील, आणि त्यातला एकेक खेळाडू पुढच्या काही वर्षांत किती कमावून देईल? या शेवटच्या आकड्यावर सारे पारडे झुकते, आणि तो आकडा अंदाजाचाच असतो.

बाजार म्हणजे नेमका कोणता

हिशेबाआधी बाजाराची हद्द आखावी लागते. हे काम वरवर कारकुनी वाटते, पण निम्मा खटला इथेच जिंकला किंवा हरला जातो असे म्हणायला हरकत नाही. अमेरिकी आयोगाच्या मते ‘उच्च क्षमतेच्या कन्सोल’च्या बाजारात दोनच कंपन्या होत्या, सोनी आणि मायक्रोसॉफ्ट; निन्टेंडोचा स्विच त्यात बसत नव्हता. मायक्रोसॉफ्टचे म्हणणे नेमके उलट होते. घरातल्या मुलासाठी कन्सोल घ्यायला दुकानात गेलेले आईबाप तिन्ही खोकी शेजारी शेजारी पाहतात, तेव्हा स्विचला बाहेर ठेवणे कृत्रिम वाटते. पण कॉल ऑफ ड्यूटीचे नवे भाग तेव्हा स्विचवर येत नव्हते, हेही खरे. कन्सोलखेरीज आणखी दोन बाजार विचारात घेतले गेले: मायक्रोसॉफ्टच्या गेम पाससारखी महिन्याच्या वर्गणीची सेवा, आणि क्लाउड गेमिंग, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर चालणारा गेम इंटरनेटवरून आपल्या पडद्यावर खेळणे.

तीच कागदपत्रे, वेगवेगळे निकाल

ऑगस्ट २०२२ मध्ये सौदी अरेबियाने सर्वप्रथम मंजुरी दिली. ऑक्टोबरमध्ये ब्राझीलने बिनशर्त होकार दिला आणि आपले काम ग्राहकांसाठी स्पर्धा राखण्याचे आहे, एखाद्या विशिष्ट स्पर्धकाचे हित जपण्याचे नव्हे, असेही बजावले. रोख अर्थातच व्यवहाराला विरोध करणाऱ्या सोनीकडे होता. जपानने मार्च २०२३ मध्ये, चीन आणि दक्षिण कोरियाने मे महिन्यात संमती दिली.

खरी झुंज लंडन, ब्रसेल्स आणि सॅन फ्रान्सिस्को इथे झाली. ब्रिटनच्या कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटीने फेब्रुवारी २०२३ च्या तात्पुरत्या निष्कर्षांत कन्सोल आणि क्लाउड अशा दोन्ही बाबतींत धोका दाखवला. मार्चमध्ये नवी आकडेवारी समोर आल्यावर तिने कन्सोलचा आक्षेप स्वतःहून मागे घेतला, कारण प्लेस्टेशनला कॉल ऑफ ड्यूटी नाकारणे मायक्रोसॉफ्टला तोट्याचेच ठरेल असे हिशेबातून निघत होते. आपला निष्कर्ष चारचौघांत मागे घेण्याचा हा प्रामाणिकपणा नोंद घेण्याजोगा आहे. तरीही २६ एप्रिल २०२३ रोजी तिने व्यवहार रोखलाच, आणि तो केवळ क्लाउडच्या मुद्द्यावर. तिच्या अंदाजाने जागतिक क्लाउड गेमिंगमध्ये मायक्रोसॉफ्टचा वाटा ६० ते ७० टक्के होता. हा बाजार तेव्हा अगदीच बाल्यावस्थेत होता. पण बाजार वयात येण्याआधीच तो एकाच्या हाती जाऊ नये, ही त्यामागची भूमिका. मायक्रोसॉफ्टचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी त्यावर जाहीर संताप व्यक्त केला.

त्यानंतर १९ दिवसांनी, १५ मे रोजी, युरोपीय आयोगाने त्याच व्यवहाराला मंजुरी दिली. क्लाउडचा धोका आयोगालाही मान्य होता. फरक उपायात होता. ज्याने ॲक्टिव्हिजनचा गेम विकत घेतला आहे त्याला तो कुठल्याही क्लाउड सेवेवर खेळण्याचा फुकट परवाना दहा वर्षे मिळेल, अशी हमी आयोगाने मायक्रोसॉफ्टकडून घेतली. कन्सोलच्या बाबतीत आयोगाला फारशी चिंता नव्हती, कारण युरोपात एका एक्सबॉक्समागे चार प्लेस्टेशन खपत होते. वागणुकीची हमी घेतली की तिच्यावर वर्षानुवर्षे पहारा ठेवावा लागतो. ब्रिटिश नियामकाला तो पहारा नको होता, ब्रसेल्सने तो पत्करला. दोन्ही संस्थांसमोर पुरावे जवळजवळ सारखेच होते, हे लक्षात घेतले की ‘नियामकांचे मत’ अशी एकच गोष्ट नसते हे कळते.

सॅन फ्रान्सिस्कोतले पाच दिवस

लीना खान यांच्या अध्यक्षतेखालील फेडरल ट्रेड कमिशनने ८ डिसेंबर २०२२ रोजी तीन विरुद्ध एक मताने व्यवहाराविरुद्ध तक्रार दाखल केली आणि जून २०२३ मध्ये तात्पुरत्या मनाई हुकमासाठी न्यायालयात धाव घेतली. न्यायाधीश जॅकलिन स्कॉट कॉर्ली यांच्यासमोर पाच दिवस साक्षी झाल्या. मायक्रोसॉफ्टचे मुख्याधिकारी सत्या नडेला यांनी साक्ष दिली. एक्सबॉक्सचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी गेम प्लेस्टेशनवर राहील असे शपथेवर सांगितले. प्लेस्टेशनचे प्रमुख जिम रायन यांचा एक ईमेलही उघड झाला. व्यवहार जाहीर झाल्यानंतर दोनच दिवसांनी लिहिलेल्या त्या ईमेलमध्ये, हा गेम काढून घेण्याचा डाव नाही आणि कॉल ऑफ ड्यूटी पुढची बरीच वर्षे प्लेस्टेशनवर राहील, असे त्यांनी एका जुन्या सहकाऱ्याला कळवले होते. बाहेर मात्र सोनी याच भीतीवर जोर देत होती.

याच सुनावणीतला एक कागद पाहण्यासारखा आहे. सोनीच्या निवेदनातले गोपनीय आकडे काळ्या मार्करने खोडले होते. कागद स्कॅन झाला तेव्हा शाईखालची अक्षरे पुसट का होईना, वाचता येऊ लागली. एकेक मोठा गेम तयार करायला २० कोटी डॉलरहून अधिक खर्च येतो, हे त्यातून जगाला कळले. २०२१ मध्ये सुमारे दहा लाख जण प्लेस्टेशनवर कॉल ऑफ ड्यूटीशिवाय दुसरे काहीच खेळले नव्हते, हेही कळले. एरवी या उद्योगात असे आकडे तिजोरीत राहतात. छाननीमुळे गेमधंद्याची आतली रचना सामान्य खेळाडूला पाहायला मिळाली, हा तिचा न ठरवलेला पण मोठा लाभ आहे.

जुलैमध्ये न्यायालयाने मनाई नाकारली. निकालपत्रातले निरीक्षण मार्मिक आहे: या व्यवहाराची कसून छाननी झाली आणि तिचे फळ मिळाले, कारण कॉल ऑफ ड्यूटी दहा वर्षे प्लेस्टेशनवर ठेवण्याची हमी मायक्रोसॉफ्टने लेखी, जाहीरपणे आणि न्यायालयात दिली आहे. निन्टेंडो, एनव्हिडिया आणि युक्रेनची बूस्टरॉइड यांच्याशी गेम पुरवण्याचे दहा वर्षांचे करार आधीच झाले होते. १६ जुलै रोजी सोनीनेही सही केली. छाननी नसती तर यातला एकही करार एवढ्या घाईने झाला नसता. अमेरिकी आयोग न्यायालयात हरला हे खरे, पण त्याच्या दबावाने खेळाडूंच्या पदरात काही पडले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल.

राहिला ब्रिटन. व्यवहार पुरा करण्याची १८ जुलैची मुदत तीन महिन्यांनी वाढवली गेली. ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने व्यवहाराची नवी मांडणी केली: पुढच्या पंधरा वर्षांत येणाऱ्या ॲक्टिव्हिजनच्या गेमांचे युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरचे क्लाउड हक्क फ्रान्सच्या युबिसॉफ्ट या गेम कंपनीला विकायचे. म्हणजे हमीऐवजी थेट मालमत्ताच दुसऱ्याच्या हाती गेली. ब्रिटिश नियामकाला हवे होते ते हेच. त्याने होकार दिला त्याच दिवशी व्यवहार पुरा झाला.

मंजुरीनंतर

जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेम विभागातून १,९०० जणांना कमी केले. मे महिन्यात बेथेस्डाखालचे काही स्टुडिओ बंद झाले, जुलैमध्ये गेम पासची वर्गणी वाढली. ॲक्टिव्हिजन स्वतंत्रपणे चालेल असे सांगितले होते, त्याच्याशी ही नोकरकपात विसंगत आहे, असे अमेरिकी आयोगाने अपील न्यायालयाला कळवले. वर्गणीवाढीबद्दलही पत्र लिहिले. ७ मे २०२५ रोजी मनाई नाकारल्याविरुद्धचे आयोगाचे अपील फेटाळले गेले आणि २२ मे रोजी आयोगाने प्रकरण मागे घेतले.

गेम बनवणाऱ्या माणसांचा प्रश्न या साऱ्या प्रक्रियेत कडेलाच राहिला. कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिका या संघटनेने जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार केला. संघटना बांधणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या आड कंपनी येणार नाही असे त्यात ठरले, आणि मग संघटनेने विलीनीकरणाला पाठिंबा दिला. तिच्या दृष्टीने तो सौदा शहाणपणाचा होता. पण नोकऱ्या टिकतील का, हा प्रश्न खेळाडूला मोजाव्या लागणाऱ्या किमतीइतक्याच बारकाईने तपासण्याची सोय स्पर्धा कायद्याच्या वापरात आजही नाही. माझ्या मते ही या छाननीची सर्वांत मोठी उणीव आहे.

इतर प्रकरणे

सगळीच विलीनीकरणे एवढी ताणली जात नाहीत. टेक-टू या गेम कंपनीने २०२२ मध्ये झिंगा ही मोबाइल गेमांची कंपनी सुमारे १२.७ अब्ज डॉलरना घेतली, तिची फारशी चर्चाही झाली नाही. चीनमध्ये मात्र जुलै २०२१ मध्ये हुया आणि डोयू या दोन कंपन्यांचे टेन्सेंटच्या पुढाकाराने होणारे विलीनीकरण सरकारी नियामकाने रोखले. दुसऱ्यांचा खेळ थेट पाहण्याच्या सेवा त्या देतात. दोघींचा मिळून वाटा ७० टक्क्यांच्या वर जात होता आणि गेम बनवणारी टेन्सेंट दोघींच्या मागे होती, म्हणजे आडवा आणि उभा असे दोन्ही धोके एकत्र. सप्टेंबर २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही गेम कंपनी ५५ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार जाहीर झाला. खरेदीदारांत सौदी अरेबियाचा पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंड हा सरकारी निधी आहे. त्यांच्यातला कोणी कन्सोल बनवत नसल्याने इथे चर्चा वळली ती परक्या सरकारची मालकी आणि खरेदीसाठी काढायचे सुमारे २० अब्ज डॉलरचे कर्ज यांकडे.

भारतातील तरतूद

आपल्याकडे गेम मुख्यतः मोबाइलवर खेळला जातो. मुंबईच्या लोकलमध्ये दांड्याला धरून एका अंगठ्याने कँडी क्रशच्या गोळ्या जुळवणाऱ्या प्रवाशाच्या खेळाची मालकीही याच व्यवहारात मायक्रोसॉफ्टकडे गेली, कारण तो बनवणारी किंग ही कंपनी २०१६ पासून ॲक्टिव्हिजनची होती. भारतीय स्पर्धा आयोगाकडे एखादा व्यवहार न्यायचा की नाही, हे पूर्वी कंपन्यांची मालमत्ता आणि उलाढाल यांवरून ठरे. वापरकर्ते अफाट पण इथली कमाई किरकोळ, अशी कंपनी त्या चाळणीतून निसटू शकत होती. १० सप्टेंबर २०२४ पासून २,००० कोटी रुपयांहून मोठा व्यवहार, विकल्या जाणाऱ्या कंपनीचा भारतात भरीव कारभार असल्यास, आयोगाला कळवावा लागतो. डिजिटल सेवेच्या बाबतीत जगभरच्या वापरकर्त्यांपैकी किमान १० टक्के भारतात असले, तर तो कारभार भरीव मानला जातो.