पाय का बुडतात?

एप्रिल-मेमध्ये पुण्यात टिळक तलावावर किंवा बालेवाडीला पोहायला शिकणाऱ्या नवशिक्यांची बॅच बघा. कुणीतरी जिवाच्या आकांतानं पाय मारत असतं, पाणी चौफेर उडतं आणि माणूस जागच्या जागी. काठावरून सल्ला येतो, "अजून जोरात मार!" माझ्या मते दोष पायांत नसतो, मानेत असतो.

छातीत हवा असते, त्यामुळे पाणी शरीराला वर उचलतं त्या बलाचा मध्य छातीकडे असतो. वजनाचा मध्य मात्र खाली, ओटीपोटाजवळ. हे दोन बिंदू एका उभ्या रेषेत नसल्यामुळे आडवं शरीर फिरतं आणि पाय खाली जातात. त्यात डोक्याचं वजन ४-५ किलो. ते पाण्यात असेल तर पाणीच पेलतं. घाबरून बाहेर काढलं की तो सगळा भार अंगावर येतो, कंबर आणखी खचते. अंग तिरकं झालं की जास्त पाणी आडवं येतं. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट, आणि वेग दुप्पट केला तर विरोध साधारण चौपट होतो. मग नुसत्या ताकदीचं काय चालणार?

गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला रिकामा डबा किंवा वाळका भोपळा बांधत. तो कमरेकडे सरकवून बांधला की आधार नेमका हवा तिथे, वजनाच्या मध्याजवळ मिळतो. या अनुभवी शहाणपणाचं मला फार कौतुक वाटतं.

फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पालथं पडून एकेक हात मारत पोहताना, नजर तळाकडे ठेवावी. श्वास घेताना मान उचलायची नाही. खांद्यांसकट अंग कुशीवर वळवायचं, एक कान पाण्यातच राहू द्यायचा. पुढे जाणाऱ्या डोक्याच्या बाजूला पाण्यात छोटा खळगा पडतो, तोंडाला हवा तिथेच मिळते. उच्छ्वास मात्र पाण्यात, नाका-तोंडातून बुडबुडे सोडत पूर्ण करायचा. श्वास कोंडला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि गुदमरल्यासारखं वाटतं ते बरेचदा त्यामुळेच.

फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेण्याचं बहुतेक काम हातांचं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं, तेही ३७.३३ सेकंदांत.