भरती घड्याळात, उधाण पंचांगात: खाडीत गळ टाकायला जाण्याआधी

मासेमारीची सहल ठरवताना होडीवाल्याला बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: "त्या दिवशी भरती किती वाजता?" वेळ कळली की झालं, मुलंबाळं आणि मित्रमंडळी घेऊन मंडळी जेटीवर हजर. खरं तर त्याआधी विचारायला हवं ते दुसरंच: त्या दिवशी उधाण आहे की भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार मोठा की लहान? भरतीवरून दिवसातला तास ठरतो. तारीख ठरवायची ती उधाण-भांग बघून. या दोन्हींची गल्लत झाली की कोळंबीचं आमिष वाया जातं आणि आजी-आजोबांना गुडघाभर चिखलातून होडीपर्यंत जावं लागतं.

आधी भरती. कोकण किनाऱ्यावर ती दिवसातून दोनदा येते. पाणी साधारण सव्वासहा तास चढतं, तेवढाच वेळ उतरतं आणि दुसऱ्या दिवशी हेच चक्र जवळजवळ 50 मिनिटं उशिरा सुरू होतं. किनाऱ्यावरची जुनी माणसं कोष्टक न बघता वेळ सांगतात, कारण हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला 4 गुणिले पाऊण, म्हणजे 3 वाजता. अष्टमीला 6 वाजता. पौर्णिमा-अमावास्या 15 धरली तर सव्वाअकरा. मुंबई-अलिबागकडे यात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, तळकोकणात भरती जरा आधी येते. दिवस निवडताना एवढा अंदाज पुरे. निघायची वेळ मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या किंवा 'इन्कॉइस' या सरकारी सागर-माहिती केंद्राच्या कोष्टकातूनच घ्यावी.

उधाणाचं चक्र पंधरवड्याचं. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत भरती सर्वांत उंच जाते आणि ओहोटीही सर्वांत खाली उतरते, हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोन्ही आखडतात, तो भांग. मुंबईत सरासरी उधाणाला पाणी सुमारे 0.75 मीटरपासून 4.4 मीटरपर्यंत चढतं, म्हणजे साडेतीन मीटरहून जास्त फरक. भांगाला तेच 1.85 ते 3.3 मीटर, म्हणजे जेमतेम दीड मीटर. दक्षिणेला जावं तसा हा फरक कमी होत जातो. गोव्यात उधाणालाही तो मुंबईच्या निम्म्याच्या आसपास राहतो. म्हणून मांडवीत गळ टाकायची सवय असलेला माणूस मुंबईजवळच्या धरमतरच्या खाडीत आला की पाण्याच्या ओढीने चक्रावतो.

इथे तिसरा घोळ मिसळतो, आणि त्याला बातम्याही जबाबदार आहेत. पावसाळ्यात 'साडेचार मीटर उंचीच्या लाटा' असं छापून येतं, तेव्हा तो आकडा बहुतेकदा भरतीच्या पाण्याच्या पातळीचा असतो, लाटेचा नव्हे. लाटा उठतात वाऱ्याने. उधाणाच्या दिवशी समुद्र आरशासारखा असू शकतो आणि भांगाच्या दिवशी खवळलेला. कोष्टकात भरती 4.5 मीटर दिसली म्हणून घाबरू नका, आणि भांग आहे म्हणून वाऱ्याचा अंदाज बघायचा सोडू नका.

गळ टाकणाऱ्याला पाण्याच्या उंचीपेक्षा वेगाशी जास्त घेणं असतं. पाणी एकसारखं चढत नाही: सहा तासांत ढोबळमानाने एकूण फरकाचे 1, 2, 3, 3, 2, 1 असे बारावे हिस्से पडतात. उधाणाला मधल्या दोन तासांत तासाला 90 सेंटिमीटर पाणी चढतं, भांगाला 36. पाण्याचा वेग दुप्पट झाला की दोरीवरचा ओढा चौपट होतो. भांगाला 20–30 ग्रॅमचं शिसं तळाशी निवांत बसतं. उधाणाच्या मधल्या तासांत 80–100 ग्रॅमचंही वाहत जातं, दोरी होडीमागे आडवी होते आणि शेजारी बसलेल्या चौघांच्या दोऱ्यांचा एकच गुंता होतो. नवशिक्यांची सहल बहुतेक इथेच संपते. गरी सोडवण्यात वाटाड्याचा वेळ जातो, मासा दूरच. दोरी बारीक वापरली तर ओढा कमी लागतो. जाड नायलॉनऐवजी बारीक ब्रेडेड लाइन (धागे विणून केलेली दोरी) घेण्याचं खरं कारण हेच.

आता गंमत अशी की घड्याळ आणि पंचांग एकमेकांना बांधलेले आहेत. मुंबईच्या बाजूला उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागेच येते. म्हणजे सकाळी सहाला जेटीखाली नुसता चिखल, आणि ओहोटीचा सर्वांत जोराचा ओढा दुपारी तीनच्या सुमाराला, नेमका समुद्रावरून येणारा वारा भरात असताना. खाडीच्या मुखाशी बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारा वारा आमनेसामने आले की आखूड, उभ्या लाटा उठतात. लहान फायबरची होडी त्यात आपटते आणि मुलांना उलट्या सुरू होतात. उधाणालाच जायचं असेल तर आठ-साडेआठला, जेटीला पाणी लागल्यावर निघावं, भरतीच्या शेवटच्या दीड तासात आणि पाणी थांबतं त्या पाऊण तासात गळ टाकावेत आणि एकपर्यंत परतावं.

भांगाला उलट. भरती पहाटे सहाच्या सुमाराला, सुकती (पाणी सर्वांत खाली) दुपारी बाराला. उजाडताना भरल्या पाण्यात आरामात चढता येतं आणि ओहोटीबरोबर सावकाश सरकत अकरापर्यंत परतता येतं. सुकतीलाही पावणेदोन मीटर पातळी शिल्लक असल्याने बऱ्याच जेट्यांना होडी लागते. मुलं, वयस्क, पहिल्यांदा गळ धरणारे असतील तर आमचं मत सरळ भांगाच्या बाजूने: सप्तमी ते दशमी. मुडदुशी, शिंगाळा, काळुंदर असे मासे मिळतात, हात चालू राहतो. शिंगाळ्याच्या काट्याला मुलांनी हात लावू नये, तो वाटाड्यालाच काढू द्यावा.

जिताडा किंवा तांबोशीच हवी असेल तर अगदी मंद भांग निरुपयोगी. हे मासे खडक, खांब, कांदळवनातल्या नाल्यांच्या तोंडाशी दबा धरतात. ओहोटीबरोबर कोळंबी आणि लहान बोय बाहेर वाहून यावी लागते. भर उधाणाला मात्र पाणी गढूळ होतं आणि नकली आमिष त्यांना दिसतच नाही. तृतीया ते पंचमीचं मधलं पाणी बरं.

सुट्टी रविवारीच असेल तरी सोय आहे. उधाण आणि भांग यांच्यात साधारण सात दिवसांचं अंतर असतं, त्यामुळे या रविवारी उधाण असेल तर पुढचा रविवार भांगाजवळ येतो.

नांगराचा हिशेब वाटाडा करतो, पण आपण बघावा. दोर निदान खोलीच्या पाचपट, आणि ती खोली भरतीची धरायची. सुकतीला तीन मीटर पाण्यात 15 मीटर दोर पुरतो. उधाणाला तिथेच दुपारी साडेसहा मीटर पाणी होतं आणि तोच दोर नांगर उचलून होडी वाहवतो. ओढा असताना नांगर नेहमी नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून टाकावा. वरामावरून, म्हणजे मागच्या टोकाला बांधला तर पाणी मागून आत चढतं. आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती मुखापेक्षा उशिरा पोहोचते, म्हणून कोष्टकातली वेळ कुठल्या बंदराची आहे हे विचारून घ्यावं.