बॅले शिक्षक वर्गात नेमकं काय करतात? पालकांसाठी आणि नव्या विद्यार्थ्यांसाठी माहिती

"मुलगी अजून बारला (सरावासाठी आधार घ्यायच्या आडव्या दांडीला) धरूनच उभी आहे, नाचायला कधी लागणार?" हा प्रश्न आम्हाला पालक हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण बारजवळच्या त्या वेळातच शिक्षकाचं सगळ्यात अवघड काम चाललेलं असतं.

गुडघे वाकवण्याचा साधा प्लिएच घ्या. बॅलेत पाय बाहेरच्या बाजूला वळलेले असतात, आणि हे वळण खुब्यातून यावं लागतं. खुबा वळत नसला की मुलं पावलंच ओढून बाहेर नेतात. आरशात ते छान दिसतं, पण पीळ गुडघ्याला आणि घोट्याला बसतो. म्हणून शिक्षक समोर कमी आणि बाजूला जास्त उभे राहतात. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत वाकतोय का, पावलाची कमान आत कोसळतेय का, हे तिथून कळतं. वळणाचा कोन कमी झाला तरी चालेल, खोटा नको, असं आमचं मत आहे. हात लावून दुरुस्ती करायची असेल तर आमचे शिक्षक आधी विचारतात. मुलांच्या वजनावर शेरे मारणं आमच्याकडे चालत नाही.

पॉइंट शूजसाठी, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायच्या बुटांसाठी, घाई करू नका, ही आमची कळकळीची विनंती. या बुटांचं टोक कापड, कागद आणि गोंदाच्या थरांनी कडक केलेलं असतं, आणि त्याच्यावर अख्ख्या शरीराचा भार पेलायचा असतो. वाढत्या वयात पावलाची हाडं पक्की झालेली नसतात. साधारण अकरा-बारा वर्षांआधी, आणि त्यामागे काही वर्षांचा नियमित सराव नसताना, आम्ही परवानगी देत नाही. नुसतं वय झालं म्हणूनही देत नाही: एका पायावर न डगमगता पुन्हापुन्हा टाच उचलता येते का, घोटा सरळ राहतो का, हे शिक्षक स्वतः तपासतात. मोठ्या वयात सुरुवात करणाऱ्यांनाही हीच कसोटी. बूट आधीच विकत घेऊन ठेवू नयेत.

आधी दुसरीकडे शिकला असाल तर कोणत्या पद्धतीने, ते जरूर सांगा. वागानोवा, चेकेट्टी, आणि 1920 साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सची, अशा पद्धती जगभर चालतात, आणि हातांच्या स्थितींचे क्रमांकसुद्धा त्यांत जुळत नाहीत. डोक्यावर गोलाकार धरलेले हात वागानोवात तिसरी स्थिती, चेकेट्टीत पाचवी! मूल गोंधळलं तर त्यात त्याचा दोष नसतो.

जुनी दुखापत, शस्त्रक्रिया, चालू दुखणं यांची माहिती प्रवेशाच्या अर्जात लिहा. वर्ग चालू असताना गुडघा किंवा घोटा दुखू लागला, तर विद्यार्थ्याने तिथेच थांबून शिक्षकांना सांगावं, तास संपायची वाट पाहू नये.