कॉर्नेलिया : एका कुळनावाचा रोम ते नाशिक प्रवास

१८७८ साली रोममध्ये ऑक्टाव्हियाच्या स्तंभावलीच्या अवशेषांत संगमरवराचा एक चौथरा सापडला. त्यावरचा पुतळा केव्हाच नाहीसा झाला होता, अक्षरे मात्र शाबूत होती : ‘कॉर्नेलिया, आफ्रिकानसची लेक, ग्रॅकसांची’. ‘आई’ हा शब्द तिथे कोरलेलाच नाही, तो वाचणाऱ्याने मनाशी जोडून घ्यायचा. रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात हा चौथरा आज पाहायला मिळतो. बाप कोण आणि मुलगे कोण, एवढे तो सांगतो. उरले ‘कॉर्नेलिया’; पण तेही त्या बाईचे एकटीचे नव्हते.

रोमन नावांची रीत समजून घेतल्याशिवाय हे लक्षात येत नाही. प्रतिष्ठित घराण्यातल्या पुरुषाला साधारणपणे तीन नावे असत : स्वतःचे, कुळाचे आणि शाखेचे. पुब्लियस कॉर्नेलियस स्किपिओ यातले ‘पुब्लियस’ त्याचे स्वतःचे, ‘कॉर्नेलियस’ कुळाचे, ‘स्किपिओ’ शाखेचे. मुलीला मात्र एकच नाव मिळे, तेही कुळनावाचे स्त्रीलिंगी रूप. कॉर्नेलियस कुळातली म्हणून कॉर्नेलिया, ज्युलियस कुळातली म्हणून ज्युलिया, तुलियस कुळातली म्हणून तुलिया. एका घरात दोन मुली असल्या तरी दोघींचे नाव तेच. फार तर एक ‘थोरली’ आणि दुसरी ‘धाकटी’. चौथऱ्यावरच्या कॉर्नेलियाची थोरली बहीणही कॉर्नेलियाच होती.

लग्नानंतर हे नाव बदलत नसे, ही गोष्ट मराठी वाचकाला विशेष वाटेल. आपल्याकडे सासरी गेल्यावर मधले नाव, आडनाव आणि कित्येक घरांत पहिले नावसुद्धा बदलायची रूढी होती. रोममध्ये बाई कुणाच्याही घरी गेली तरी बापाच्या कुळाची खूण अखेरपर्यंत तिच्यासोबत राही. ही मोकळीक म्हणायची की दुसऱ्या तऱ्हेचे बंधन, यावर अभ्यासकांत मते वेगळी आहेत. मला ते बंधनच वाटते, कारण त्या नावात मुलगी कुठेच नव्हती.

कॉर्नेलियस हे कुळ रोमच्या सर्वांत मोठ्या आणि प्रभावी कुळांपैकी एक. नावाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘शिंग’ या अर्थाचा शब्द असावा, असे सहसा सांगितले जाते. स्किपिओ, सुल्ला, सिन्ना या सगळ्या या कुळाच्या शाखा. सुल्ला रोमचा सर्वाधिकारी झाला तेव्हा त्याने आपल्या मारल्या गेलेल्या विरोधकांचे दहा हजारांहून अधिक गुलाम मुक्त केले आणि त्यांना स्वतःचे कुळनाव दिले. एकाएकी शहरात हजारो नवे कॉर्नेलियस तयार झाले आणि त्यांच्या घरी जन्मणाऱ्या मुली कॉर्नेलिया झाल्या. उमरावांचे नाव सामान्य वस्त्यांत पोचले ते असे, राजकारणाच्या एका घावाने.

आता त्या चौथऱ्यावरची कॉर्नेलिया. ती कार्थेजचा सेनापती हॅनिबाल याला हरवणाऱ्या स्किपिओ आफ्रिकानसची मुलगी. तिचे लग्न टायबेरियस सेम्प्रोनियस ग्रॅकस या वयाने बऱ्याच मोठ्या सेनानीशी झाले. बारा मुले झाली, त्यांतली तीनच मोठी झाली : टायबेरियस, गायस आणि मुलगी सेम्प्रोनिया. (मुलीचे नाव पुन्हा बापाच्या कुळाचे.) नवरा गेल्यावर इजिप्तच्या टॉलेमी राजाने तिला मागणी घातली आणि ती तिने नाकारली, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. दागिने मिरवणाऱ्या पाहुणीला आपली मुले दाखवून ‘हेच माझे दागिने’ म्हणणारी आई ती हीच. ही गोष्ट पुढे युरोपभर शाळांतून सांगितली गेली, चित्रकारांनी शेकडो वर्षे रंगवली आणि कॉर्नेलिया म्हणजे आदर्श माता हे समीकरण पक्के झाले.

या गोष्टीने तिच्यावर थोडा अन्यायच केला आहे. ती शिकलेली होती, ग्रीक विद्येत रमणारी होती. मुलांसाठी तिने ग्रीक शिक्षक निवडून ठेवले. तिची पत्रे तिच्यानंतरही वाचली जात. रोमचा नामवंत वक्ता सिसेरो याने ती वाचली होती. ही मुले आईच्या मांडीवर वाढली त्याहून अधिक आईच्या बोलण्यात वाढली, असे त्याने लिहून ठेवले आहे. तिच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या एका पत्राचे दोन तुकडे आज उपलब्ध आहेत. ते खरोखर तिचेच का, याविषयी वाद आहे. त्या मजकुरात ती धाकट्या गायसला राजकारणाच्या वाटेवरून मागे ओढते आहे आणि तिच्या शब्दांना धार आहे.

इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियसला जमीनवाटपाच्या कायद्यावरून उसळलेल्या दंगलीत ठार मारण्यात आले. बारा वर्षांनी गायसचाही तसाच अंत झाला. कॉर्नेलिया त्यानंतर नेपल्सच्या आखाताजवळ मिसेनुम इथे राहिली. तिच्याकडे विद्वानांचा राबता असे. ती वडिलांच्या आठवणी सांगे आणि मुलांविषयीही डोळ्यांत पाणी न आणता बोले, जणू ते दोघे रोमच्या प्राचीन काळातली माणसे असावीत. ऐकणाऱ्यांपैकी काहींना वाटे, म्हातारपणाने किंवा दुःखाने तिची जाणीवच बोथट झाली आहे. प्लुटार्कने अशांना फटकारले आहे, आणि ते योग्यच केले. दुःख पेलण्याला सुन्नपणा समजणारी माणसे तेव्हाही होती.

नंतरच्या कॉर्नेलियांत सुल्लाचा विरोधक सिन्ना याची मुलगी आठवते. ती ज्युलियस सीझरची पहिली बायको. सुल्लाने सत्ता हाती आल्यावर तिला सोडून देण्याचा हुकूम सीझरला दिला. कोवळ्या वयाच्या सीझरने तो मानला नाही आणि त्याला लपत फिरावे लागले. इ.स.पू. ६९ च्या सुमारास ती गेली तेव्हा सीझरने जाहीर सभेत तिच्यावर मृत्युलेख वाचला. तरुण बाईसाठी असे भाषण करण्याची रीत रोममध्ये तोवर नव्हती. दुसरी एक कॉर्नेलिया सीझरचा प्रतिस्पर्धी सेनानी पाँपे याची शेवटची बायको : साहित्य, वीणावादन, भूमिती आणि तत्त्वज्ञान यांत तयार असलेली. तिचा पहिला नवरा इराणच्या पार्थियनांशी लढताना पडला आणि दुसऱ्याचा खून तिने इजिप्तच्या किनाऱ्याजवळ गलबतावरून पाहिला. तिसरी, सम्राट डोमिशियनने जिवंत पुरलेली, वेस्टा या चूलदेवतेची प्रमुख पुजारीण. भुयारात उतरताना तिचे वस्त्र अडकले आणि जल्लादाने आधाराला हात पुढे केला, तेव्हा ती त्या स्पर्शापासून झटकन मागे सरली, असे रोमन लेखक धाकट्या प्लिनीने पत्रात लिहिले आहे.

रोमन साम्राज्याबरोबर रोमन नावांची रीतही मोडली. तरी कॉर्नेलिया टिकले ते चर्चमुळे. बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात कॉर्नेलियस नावाचा रोमन शताधिपती आहे. यहुदी नसूनही ख्रिस्ती झालेल्या सुरुवातीच्या लोकांत त्याचे स्थान मानाचे. तिसऱ्या शतकात याच नावाचा पोप होऊन गेला आणि संत मानला गेला. त्याचे अवशेष जर्मनीत आखेनजवळच्या एका मठात आले आणि त्या गावाचे नावच कॉर्नेलिम्युन्स्टर पडले. तिथून ऱ्हाइन नदीच्या खालच्या पट्ट्यात आणि नेदरलँड्समध्ये मुलग्यांना कॉर्नेलिस, मुलींना कॉर्नेलिया ही नावे घरोघर दिली जाऊ लागली. डच लोकांनी त्याची कॉरी, नेल, नेल्त्ये अशी घरगुती रूपे केली आणि उमरावी कुळाचे नाव कोळ्यांच्या, घड्याळजींच्या घरांत रुळले. आपल्याकडे वसईत आणि गोव्यात कॉर्नेलियस हे नाव ऐकू येते, तेही चर्चच्याच वाटेने आलेले.

घड्याळजी मुद्दाम म्हटले. १८९२ साली जन्मलेल्या आणि हार्लेम शहरातल्या घड्याळजीच्या घरी वाढलेल्या कॉर्नेलिया टेन बूमला जग कॉरी टेन बूम म्हणून ओळखते. परवाना मिळालेली नेदरलँड्समधली ती पहिली स्त्री घड्याळजी. जर्मन ताब्याच्या काळात या कुटुंबाने दुकानावरच्या राहत्या घरात, कॉरीच्या खोलीत खोटी भिंत उभारून ज्यूंना आसरा दिला. २८ फेब्रुवारी १९४४ रोजी छापा पडला. भिंतीमागची माणसे सापडली नाहीत, पण घरचे पकडले गेले. म्हातारे वडील दहा दिवसांत तुरुंगात वारले, बहीण बेत्सी त्याच डिसेंबरात राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत वारली. कॉरी वाचली आणि १९८३ पर्यंत जगली. एक्याण्णव वर्षांच्या आयुष्यात लग्न नाही, मूल नाही. रोमन मापाने या कॉर्नेलियाची ओळख चौथऱ्यावर कशी कोरली असती, कोण जाणे.

जर्मनीत हे नाव शिकल्यासवरल्या मध्यमवर्गाने उचलले. गटे या कवीची एकुलती एक मोठी झालेली बहीण कॉर्नेलिया त्याच्याबरोबरच घरी शिकली. पुढे भाऊ विद्यापीठात गेला; तिला तो रस्ता नव्हता. लग्नानंतर एमेंडिंगेन गावात दुसऱ्या बाळंतपणानंतर ती गेली तेव्हा सत्तावीस वर्षांचीही नव्हती. फ्रँकफर्ट विद्यापीठातल्या स्त्री-अभ्यास केंद्राला आज तिचे नाव आहे.

इंग्लंड-अमेरिकेत कॉर्नेलिया कधी फारशा संख्येने नव्हत्या. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी कॉर्नेलिया फोर्ट ही वैमानिक पर्ल हार्बरजवळ शिकाऊ उमेदवाराला विमान शिकवत होती आणि जपानी विमाने तिने आकाशातच पाहिली. दीड वर्षाच्या आत लष्करी विमान पोचवताना तिला अपघाती मृत्यू आला. आजच्या मुलांना हे नाव जर्मन बालसाहित्यिका कॉर्नेलिया फुंके यांच्या पुस्तकांवरून माहीत असते.

या नावाचा आपल्याला सर्वांत जवळचा धागा नाशिकला सुरू होतो. १५ नोव्हेंबर १८६६ रोजी तिथे कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी पारशी घरातून ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना यांना लहानपणी एका इंग्रज दांपत्याने वाढवले होते. त्यातल्या बाईचे, लेडी फोर्ड यांचे नाव कॉर्नेलिया. फ्रान्सिनाबाईंनी ते आपल्या लेकीला दिले. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट फार मोलाची वाटते. रोममध्ये जे नाव बापाच्या कुळाचे म्हणून मुलीला आपोआप चिकटे, ते इथे एका बाईकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे, आणि तेही रक्ताच्या नात्याशिवाय, कृतज्ञतेने आले.

फ्रान्सिनाबाईंनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल चालवले. कॉर्नेलियाबाईंचे बालपण बेळगावात आणि पुण्यात गेले. डेक्कन कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर म्हणून. गुण असे होते की विलायतेच्या सरकारी शिष्यवृत्तीवर त्यांचा हक्क होता. बाई म्हणून ती नाकारली गेली. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलग्यांना इंग्रजी शिकवले. मग इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी निधी उभा केला, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या आणि १८९२ साली तिथल्या कायद्याच्या बी.सी.एल. परीक्षेला बसणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. मुलग्यांबरोबर बसू देण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. परीक्षा दिली, पण पदवी नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला १९२० मध्ये सुरुवात केली.

परतल्यावर मुंबई विद्यापीठाची एल.एल.बी. झाली, अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा झाली, तरी वकील म्हणून उभे राहायची परवानगी नव्हती. या दाराबाहेरच्या वर्षांत त्यांनी स्वतःचे काम शोधले. जमीनदार घराण्यांतल्या पडदानशीन बायकांच्या नावावर मोठ्या मालमत्ता असत, पण परक्या पुरुषासमोर येणे रूढीला मंजूर नव्हते, त्यामुळे वकिलाशी बोलायचीच सोय नसे. कारभारी आणि नातेवाईक याचा पुरेपूर फायदा घेत. अशा ठिकाणी कायदा जाणणारी बाईच लागते, हे कॉर्नेलियाबाई सरकारला वर्षानुवर्षे पटवत राहिल्या. १९०४ मध्ये त्यांची बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे, म्हणजे अज्ञान वारस आणि अशा बायकांच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे, सल्लागार म्हणून नेमणूक झाली. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम या भागांत फिरून त्यांनी सुमारे सहाशे बायका-मुलांची प्रकरणे हाताळली : कुणाची पोटगी, कुणाच्या अज्ञान मुलाचा वारसा, कुणाच्या मुलीचे शिक्षण.

१९२३ च्या कायद्याने भारतात स्त्रियांना वकिलीची मुभा मिळाली. कॉर्नेलियाबाईंनी कलकत्त्यात वकिली सुरू केली तेव्हा त्यांचे वय सत्तावन्नच्या पुढे गेले होते. उमेदीची तीस वर्षे परवानगीची वाट पाहण्यात गेली, हे वाचताना आजही राग येतो.

त्यांची राजकीय मते पचवणे मात्र अवघड आहे. ब्रिटिश राजवटीवर त्यांचा विश्वास होता, काँग्रेसच्या चळवळीला त्यांनी उघड विरोध केला आणि भारताची निंदा करणाऱ्या, अमेरिकन लेखिका कॅथरिन मेयोच्या पुस्तकाचीही पाठराखण केली. स्वातंत्र्यलढ्याच्या ऐन भरात घेतलेली ही बाजू देश विसरला नाही, आणि बाजूबरोबर त्यांचे कामही बाजूला पडले. दृष्टी अधू झालेल्या कॉर्नेलियाबाई अखेरची वर्षे लंडनमध्ये राहिल्या आणि ६ जुलै १९५४ रोजी तिथेच वारल्या. लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेने २०१२ साली त्यांचा अर्धपुतळा बसवला. पुण्यात सोराबजी हे आडनाव त्यांच्यापेक्षा त्यांच्या बहिणीमुळे अधिक ओळखीचे राहिले. सूझी सोराबजींनी काढलेली सेंट हेलेनाज ही शाळा आजही भरते.