शालेय परसबाग

शाळेच्या आवारात मुलांनी लावलेली आणि जोपासलेली भाजीपाल्याची बाग. परस म्हणजे घरामागची जागा. न्हाणीच्या सांडपाण्यावर तिथे अळू, केळ वाढवण्याची रीत जुनी आहे. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत ही बाग आता मुख्यतः शालेय पोषण आहाराशी जोडलेली असते.

तिच्या उगमाबाबत एकमत नाही. एका मतानुसार मूळ फ्रीड्रिख फ्रोबेलच्या बालोद्यानात आहे. १८४० मध्ये 'किंडरगार्टन' हे नाव देणाऱ्या या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने प्रत्येक मुलाला स्वतःचा वाफा आणि शिवाय सर्वांचा मिळून एक, अशी मांडणी सुचवली होती. दुसरे मत तिला नई तालीमशी, म्हणजे हाताच्या उद्योगातून शिक्षण देण्याच्या महात्मा गांधींच्या योजनेशी, जोडते. २२–२३ ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने सुचवलेल्या मूलोद्योगांत (शिक्षणाचा पाया म्हणून शिकवायच्या उद्योगांत) सूतकताई, सुतारकाम, शेती यांबरोबर फळे व भाजीपाल्याची लागवडही होती. फ्रोबेलच्या बागेत भर निरीक्षणावर आहे. नई तालीममध्ये मूल पिकवते, तोलते, हिशेब लिहिते. आजच्या परसबागेचा रोख भाजी ताटापर्यंत नेण्याकडे असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ च्या सुमारास बोर्डी येथे सुरू केलेल्या ग्रामीण बालशिक्षणाचा वाटाही मानावा लागतो. शिंपले, बिया, पाने अशा परिसरातल्या वस्तूंतून शिकवण्याची दृष्टी तिथे रुजली.

केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. म्हणजे ४० मुलांना रोज २ किलो भाजी लागते. चार वाफ्यांतून ती निघणे कठीण. त्यामुळे बागेचे मोल उत्पन्नावर ठरवू नये.

तिचे खरे काम अन्नाची किंमत कळवण्याचे आहे. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिनाभरात काढणीला येते. तेवढे दिवस झारीने पाणी घातलेली जुडी मुले स्वयंपाकीण मावशींच्या हाती देतात आणि शिजल्यावर ती मूठभर झालेली पाहतात. 'पानात टाकू नये' हे घरी रोज ऐकलेले वाक्य इथे नीट समजते. थोडे वाढून घ्यावे, लागले तर पुन्हा मागावे, ही सवय पंगतीतच लावता येते. देठ, साली आणि तांदूळ धुतलेले पाणी बागेकडेच परत जाते. तेला-मिठाचे खरकटे मात्र खताच्या खड्ड्यात बेताने आणि वाळक्या पाल्याचा थर देऊन टाकावे लागते, नाहीतर वास सुटतो व माश्या होतात.

माठ, चुका, अंबाडी, वाल, दोडका ही नेहमीची पिके. उन्हाळी सुट्टीत पाणी घालायला कोणी नसते, म्हणून कुंपणालगत शेवगा व कढीपत्ता लावतात.