सुंभाचा पीळ आणि सूर्यावरच्या ज्वाला

१ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमधल्या रेडहिल इथल्या आपल्या वेधशाळेत रिचर्ड कॅरिंग्टन दुर्बिणीतून पडद्यावर सूर्याची प्रतिमा पाडून डागांची चित्रं काढत बसले होते. एका मोठ्या डागसमूहावर अचानक दोन पांढरेशुभ्र ठिपके लखलखले. साक्षीला कुणीतरी हवं म्हणून ते धावत गेले आणि मिनिटभरात परतले, तोवर तेज ओसरू लागलं होतं. नशिबाने रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही त्याच वेळी ते पाहिलं होतं. सौरज्वालेची ही पहिली नोंद.

‘ज्वाला’ हा शब्द खरं तर फसवा आहे, कारण तिथे काहीही जळत नाही. जपानच्या क्योतो विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले खगोलभौतिकशास्त्रज्ञ काझुनारी शिबाता यांची सगळी कारकीर्द ‘मग तिथे होतं तरी काय?’ या प्रश्नाभोवती फिरली. फिरता फिरता ती नव्याने जन्मणाऱ्या ताऱ्यांपर्यंत जाऊन पोचली, आणि हे वळण वाटतं तितकं आडवळण नव्हतं.

सौरडागांमध्ये तीव्र चुंबकीय क्षेत्र असतं हे जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये दाखवलं. ज्वालेची ऊर्जा तिथूनच येत असणार, हा अंदाज मग ओघानेच आला. पण चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा काही मिनिटांत मोकळी कशी होते? १९५० च्या दशकात पीटर स्वीट आणि यूजीन पार्कर यांनी उत्तर मांडलं ते चुंबकीय पुनर्जोडणीचं. विरुद्ध दिशांच्या बलरेषा जवळ आल्या की तुटतात, नव्याने जोडल्या जातात आणि ताणलेलं रबर सुटावं तशा आजूबाजूचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू, भिरकावून देतात. कल्पना सुरेख होती, हिशेब मात्र जुळेना. त्यांच्या सूत्राने एका ज्वालेला महिने, अगदी वर्षंही लागायला हवीत. १९६४ मध्ये हॅरी पेट्शेक यांनी वेगवान पुनर्जोडणीचा मार्ग सुचवला, पण प्रत्यक्षात तसं घडतं का यावर वाद चालूच राहिला.

ताऱ्यांच्या जन्माचा अभ्यास करणाऱ्यांची अडचण वेगळीच होती. वायूचा मेघ आकसत जातो तसा तो अधिकाधिक वेगाने फिरू लागतो. सगळा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, आत तसाच राहिला, तर तारा बनायच्या आधीच ते फिरणं आकसण्याला अडवेल. मग हा संवेग जातो कुठे? १९८० मध्ये वृषभ तारकासमूहातल्या एल १५५१ या मेघात, घडत असलेल्या एका ताऱ्याच्या दोन बाजूंना विरुद्ध दिशांनी वायू वाहताना रेडिओ निरीक्षणांत दिसला. गोळा होणाऱ्या वायूतून वायू बाहेर फेकला जातोय, हे तेव्हा कोड्यासारखंच होतं.

शिबाता तेव्हा सूर्यावरच्या झोतांवर काम करत होते. सूर्याच्या पृष्ठभागावरून गवताच्या पात्यांसारखे उसळणारे बारीक झोत असतात, त्यांना स्पिक्यूल म्हणतात. १९८२ च्या सुमाराचे त्यांचे शोधनिबंध या स्पिक्यूलच्या संगणकीय गणितावर आहेत. पुढे ज्येष्ठ सौरशास्त्रज्ञ युताका उचिदा यांच्याबरोबर त्यांनी तेच चुंबकीय गणित घडत्या ताऱ्याभोवतीच्या वायूच्या तबकडीला लावलं. तबकडी फिरते, तिच्यात रुतलेल्या बलरेषांना पीळ पडतो, आणि तो पीळ अक्षाच्या दिशेने वर सरकताना वायूलाही सोबत घेऊन जातो. झोत निघतो आणि त्याबरोबर कोनीय संवेगही बाहेर पडतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असं आपण म्हणतो. इथे उलटं आहे. पीळ निघून जातो, म्हणूनच तारा घडतो. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे काम ताऱ्यांच्या झोतांच्या सुरुवातीच्या संगणकीय प्रतिकृतींमध्ये गणलं जातं.

मग ३० ऑगस्ट १९९१ रोजी जपानचा ‘योहको’ उपग्रह उडाला. नावाचा अर्थ सूर्यकिरण. त्याच्या क्ष-किरण दुर्बिणीने सूर्याच्या प्रभामंडलाचं, म्हणजे त्याच्या बाहेरच्या तप्त वातावरणाचं, चलच्चित्रच हाती दिलं. काही ज्वालांमध्ये तापलेल्या कमानीचा माथा गोल नसून टोकदार, नांगराच्या फाळासारखा दिसला. वर बलरेषा जोडल्या जात असतील तर नेमका हाच आकार दिसायला हवा. शिबाता यांच्या गटाला क्ष-किरणांत चमकणारे झोतही सापडले. त्यांतले काही लाखो किलोमीटर लांब होते.

तरीही शंकेखोरांकडे एक मुद्दा शिल्लक होता. लहान, आटोपशीर ज्वालांमध्ये असं टोक दिसत नव्हतं. मग त्यांची यंत्रणा निराळी मानायची का? १९९५ मध्ये शिबाता आणि सहकाऱ्यांनी सूर्याच्या कडेवरच्या अशा आठ ज्वाला तपासल्या, आणि त्यांत तप्त प्लाझ्माचे गोळे वर फेकले जाताना दिसले. लहान-मोठ्या ज्वालांचं मूळ एकच, आणि हे गोळे निसटतात म्हणूनच पुनर्जोडणीला वेग येतो, असं त्यांनी मांडलं. पुढे २००१ मध्ये त्यांनी मोठ्या गोळ्यांत लहान, लहानांत आणखी लहान अशी उतरंड कल्पून स्वीट-पार्करचा संथपणाही सोडवायचा प्रयत्न केला. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कामातली सर्वांत धाडसी कल्पना हीच.

दरम्यान, ‘आस्का’ या दुसऱ्या जपानी उपग्रहाला अगदी कोवळ्या ताऱ्यांकडून तीव्र क्ष-किरण आणि ज्वाला येताना दिसल्या. १९९६ मध्ये हायाशी, शिबाता आणि मात्सुमोतो यांनी प्रतिकृती मांडली: ताऱ्याला आणि तबकडीला जोडणारी चुंबकीय कमान तबकडीच्या फिरण्याने पिळली जाते, फुगते, आणि अखेर तिच्यात पुनर्जोडणी होऊन ज्वाला भडकते. १९९९ मध्ये शिबाता आणि योकोयामा यांनी ज्वालांचं तापमान आणि त्यांच्या क्ष-किरण उत्सर्जनाचं माप एका आलेखावर मांडलं. सूर्यावरच्या चिमुकल्या ज्वालांपासून कोवळ्या ताऱ्यांवरच्या प्रचंड ज्वालांपर्यंत सगळे बिंदू एकाच कलाने चढत गेले, आणि पुनर्जोडणीच्या साध्या सूत्रातून तो कल निघत होता. चुंबकीय क्षेत्राची तीव्रता सगळीकडे साधारण सारखीच आली. फरक होता तो कमानींच्या लांबीत.

मग सूर्यासारख्या शांत ताऱ्यावर राक्षसी ज्वाला भडकू शकते का? याचं उत्तर ‘केप्लर’ या अवकाश दुर्बिणीच्या खुल्या माहितीत होतं, फक्त ती चाळायला माणसं हवी होती. क्योतोत हे काम पदवीच्या विद्यार्थ्यांनीही केलं. एकेका ताऱ्याच्या तेजाचा आलेख म्हणजे अर्ध्या अर्ध्या तासाच्या अंतराने टिपलेल्या बिंदूंची रांग. ती संथ लाटेसारखी वरखाली होते, कारण डाग घेऊन तारा फिरत असतो. त्यात कुठेतरी चार-सहा बिंदू एकदम उसळतात आणि काही तासांत खाली येतात, तीच महाज्वाला. ऑक्टोबर २००३ मधल्या सूर्यावरच्या मोठ्या ज्वालेने सूर्याचं एकूण तेज ०.०३ टक्क्यांच्या आसपास वाढलं होतं. या आलेखांतल्या उसळ्या त्याच्या कितीतरी पट होत्या. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले: सुमारे ८३,००० तारे, १२० दिवस, आणि १४८ ताऱ्यांवर ३६५ महाज्वाला. अशा ज्वालेसाठी ताऱ्याला खेटून गुरूसारखा ग्रह लागतो, हा आधीचा तर्क त्यामुळे डळमळीत झाला.

सूर्यावर अशी ज्वाला किती वर्षांनी यावी, यावर अजून एकमत नाही. क्योतोच्या गटाचा २०१९ मधला सुधारित अंदाज हजारो वर्षांतून एकदा असा होता, तर डिसेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या एका गटाने साधारण शतकातून एकदा असं म्हटलं. त्या ताऱ्यांपैकी किती खरोखर सूर्यासारखे, यावर हा फरक बराचसा अवलंबून आहे. त्यामुळे बातम्यांतले मथळे जरा जपूनच वाचलेले बरे.

५ एप्रिल २०२० रोजी क्योतो विद्यापीठाच्या ३.८ मीटरच्या ‘सेइमेइ’ दुर्बिणीने इके ड्रॅकोनिस या सूर्याच्या तरुण भावंडासारख्या ताऱ्यावरची महाज्वाला टिपली. तिच्या मागोमाग हायड्रोजनच्या वर्णरेषेत निळ्या बाजूला सरकलेली काळी खाच उमटली. म्हणजे ताऱ्यावरून सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर वेगाने थंड वायू आपल्या दिशेने उसळला होता. शिबाता यांच्याच परंपरेतल्या संशोधकांनी मग हिदा वेधशाळेत टिपलेला सूर्यावरचा तसाच एक उद्रेक घेतला, अख्खा सूर्य एकच ठिपका असल्यासारखा त्याचा वर्णपट काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. खाचेची ठेवण सारखीच निघाली.