ध्रुवीय प्रकाश आणि चुंबकीय वादळे : वेधस्थानकांचे जाळे

ध्रुवीय प्रकाश (ध्रुवांकडच्या आकाशात रात्री दिसणारे प्रकाशाचे पट्टे) आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील क्षोभ यांच्या नोंदी दूरदूरच्या ठिकाणांहून एकाच वेळी घेऊन त्या ताडून पाहण्याची पद्धत. एका ठिकाणच्या निरीक्षकाला प्रकाशाचा पट्टा विझला की क्षितिजापलीकडे सरकला, हे कळायला मार्ग नसतो. अशी अनेक ठिकाणे एका घड्याळाला बांधली की काळानुसार झालेला बदल आणि जागेनुसार दिसणारा फरक वेगळे काढता येतात. या पद्धतीचे सारे मर्म त्या सामाईक घड्याळात आहे.

आकाशात ध्रुवीय प्रकाश असला की होकायंत्राची सुई अस्वस्थ होते, हे १७४१ मध्ये स्वीडनमधील उप्सालात ओलोफ हिओर्टर व आंडर्स सेल्सिअस यांना आढळले. त्याच वर्षी ५ एप्रिलला तिथली आणि लंडनला जॉर्ज ग्रॅहॅम यांच्याकडची सुई एकाच वेळी विचलित झाली. दोनच ठिकाणांचे हे पहिले जाळे म्हणायला हरकत नाही. पुढे १८३० च्या दशकात गाउस आणि वेबर या जर्मन शास्त्रज्ञांनी युरोपभरच्या निरीक्षकांना एकत्र आणले. ठरलेल्या दिवशी सगळे जण जर्मनीतल्या गटिंगेनच्या वेळेप्रमाणे दर पाच मिनिटांनी सुई वाचत. ब्रिटिशांनी टोरंटो, सेंट हेलेना, केप आणि होबार्ट येथे केंद्रे उघडली. ईस्ट इंडिया कंपनीच्या केंद्रांत मुंबईची कुलाबा वेधशाळा होती. तिथे १८४१ पासून चुंबकीय वेध सुरू झाले.

या कुलाब्याचे मोल १८५९ च्या सप्टेंबरमधील चुंबकीय महावादळात, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या प्रचंड क्षोभात, दिसले. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत आपोआप उमटणारी रेषा कागदाबाहेर गेली. कुलाब्याला मात्र माणसे डोळ्यांनी वाचन घेत होती, आणि क्षोभ वाढताच त्यांनी ते काही मिनिटांच्या अंतराने घेतले. चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज (आडवा) घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) घसरल्याची त्यांची नोंद आजही त्या वादळाचे माप ठरवताना काढली जाते.

१८८२–८३ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात ध्रुवाभोवतीच्या केंद्रांनी एकाच वेळापत्रकाने काम केले. १९०२–०३ मध्ये नॉर्वेचे शास्त्रज्ञ क्रिस्तिआन बिर्केलान यांनी नॉर्वे, आइसलँड, स्पिट्सबर्गन आणि नोव्हाया झेम्ल्या अशा चार ठिकाणच्या नोंदींवरून विद्युत् प्रवाह चुंबकीय रेषांवरून खाली उतरतात असे मांडले. अनेकांना ते पटले नाही. दुजोरा मिळायला उपग्रहांचे युग यावे लागले. ध्रुवीय प्रकाशाची उंची मोजण्याची नॉर्वेच्याच कार्ल स्टॉर्मर यांची रीत तर साधी आणि देखणी होती. काही किलोमीटरवरच्या दोन कॅमेऱ्यांवरचे लोक टेलिफोनवर बोलत, इशारा मिळताच दोघेही एकाच क्षणी छायाचित्र घेत. दोन्ही चित्रांत तारे तेच, पण त्यांच्या पुढचा पट्टा किंचित सरकलेला. त्या सरकण्यावरून उंची निघे. पट्ट्याची खालची कड बहुधा १०० किमी.च्या आसपास असते, हे अशा मोजणीतून पक्के झाले.

१९५७–५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात संपूर्ण आकाश टिपणारे कॅमेरे ठिकठिकाणी लागले. त्या चित्रांतून शास्त्रज्ञ फेल्डस्टीन यांना ध्रुवाभोवतीचे प्रकाशाचे लंबवर्तुळाकार कडे गवसले, तर १९६४ मध्ये अकासोफू यांनी त्याच्या उजळण्या-फुटण्याचा क्रम, म्हणजे उपवादळ, मांडला. उपवादळाचा उगम नेमका कुठे, हे शोधण्यासाठी २००७ मध्ये ‘थेमिस’ या नासाच्या मोहिमेचे पाच उपग्रह सोडले गेले, जोडीला कॅनडा व अलास्कातील वीस केंद्रे दर तीन सेकंदांना आकाशाचे चित्र घेत. ढग आले की कॅमेरा आंधळा होतो, चुंबकत्वमापक मात्र चालूच राहतो. म्हणून दोन्ही लागतातच.

विषुववृत्ताकडच्या केंद्रांवर ध्रुवीय प्रकाश सहसा दिसत नाही, तरी त्यांच्यावाचून वादळाची तीव्रता ठरत नाही. वादळात पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवर वाहणारा वलयप्रवाह त्यांनाच चांगला जाणवतो. या प्रवाहावरून वादळाची तीव्रता सांगणारा ‘डीएसटी’ निर्देशांक हर्मानस, काकिओका, होनोलुलू आणि सान हुआन या चार केंद्रांवरून काढतात. जगभरचा चुंबकीय क्षोभ सांगणाऱ्या ‘केपी’ निर्देशांकाला तेरा केंद्रे लागतात.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने वाचने बिघडणार म्हणून कुलाबा वेधशाळेचे प्रमुख नानाभाय मूस यांच्या काळात तिथले वेध अलिबागला हलवले गेले. १९०४ ते १९०६ या काळात दोन्हीकडे एकदम वाचने घेतली गेली, त्यामुळे १८४० च्या दशकातली मालिका आजच्या मालिकेला नीट सांधता येते. हे काम आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.